गोव्यात जेवावे कुठे आणि केव्हा

आपल्या अंकात गोव्याच्या सहलीवर दरवर्षी एक तरी लेख असतोच. त्यात मंगेशीचे देऊळ असते, जुन्या गोव्यातील चर्च असते आणि समुद्रावरचा सूर्यास्त तर असतोच असतो. पण लेखकमहाशय तीन दिवस जेवले कुठे आणि त्यांना किती पैसे पडले, हे मात्र कोणी लिहीत नाही. सूर्यास्त फुकट असतो, जेवण फुकट नसते. म्हणून सूर्यास्ताचा भाग इतरांवर सोपवून मी केवळ जेवणाविषयी लिहिणार आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मित्र गोव्याला गेलो. एक निपाणीचा, एक बैलहोंगलचा आणि मी कडोलीकडचा, भाजीपाला करणाऱ्या घरातला. माणशी १,५०० रुपये जमवले होते. परतीच्या तिकिटाचे पैसे सुरुवातीलाच वेगळे काढून बैलहोंगलच्या मित्राकडे दिले, कारण आमच्यात हिशेबी तोच. राहण्याचा प्रश्न नव्हता. निपाणीकराचा मावसभाऊ म्हापशाला नोकरीला असतो, त्याच्या खोलीवर पथारी टाकायची होती. आपल्या भागातली किती मुले आज गोव्यात पोट भरतात याची मोजदाद कोणी केली आहे की नाही कोण जाणे, पण प्रत्येक गल्लीतून एकदोघे तरी निघतील.

आम्ही अगदीच रिकाम्या हाताने निघालो नव्हतो. निपाणीकराच्या आईने ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा खर्डा बांधून दिला होता. बैलहोंगलकराने कडक रोट्टीची चवड आणली होती. या दोहोंतला फरक प्रवासात कळतो. मऊ भाकरी पहिल्या दिवशी अमृत, दुसऱ्या दिवशी पुठ्ठा. कडक रोट्टी मात्र मुळातच पापडासारखी वाळवलेली; ओल लागू दिली नाही तर कित्येक दिवस टिकते. चोर्ल्याच्या घाटात बस वळणे घेत असताना आम्ही भाकरीवर ताव मारला आणि रोट्टी पिशवीत ठेवून दिली. बेळगावहून पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात सगळे फस्त.

पहिली चूक त्याच दिवशी झाली. म्हापशाला सामान टाकून आम्ही कळंगुटला गेलो. पाण्यात मनसोक्त डुंबलो आणि बाहेर आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पोटात कावळे ओरडत होते. किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहात शिरलो. जेवणाच्या यादीत माशांच्या नावापुढे आकडा नव्हता, नुसते ‘बाजारभावाप्रमाणे’ असे छापलेले. भाव विचारावा असे तिघांच्याही मनात आले, पण वेटरचा स्वच्छ सदरा पाहून एकानेही तोंड उघडले नाही. दोन तळलेले मासे, तीन ताटल्या भात, एक भाजी आणि पाण्याच्या दोन बाटल्या, एवढ्याचे बिल १,८४० रुपये! ते द्यावे लागले. परतताना बसमध्ये कोणी बोलले नाही. निपाणीच्या माणसाला तर भाव हा शब्दच झोंबतो. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी जिथे महामार्गावर बसले, त्या गावचा तो. आणि साध्या माशाचा भाव विचारायला मात्र लाजला.

रात्री मावसभावाला हकीकत सांगितली. तो पोट धरून हसला. म्हणाला, “दुपारी चारला भूक लागली की गोव्यात दंड भरावा लागतो.” मग त्याने आम्हाला जे समजावले, तेच या लेखाचे सार आहे.

गोव्यात स्वस्त आणि चांगले जेवण भरपूर आहे, पण ते घड्याळाप्रमाणे मिळते. तेथील कष्टकरी माणूस ज्या वेळी जेवतो, त्याच वेळी ते तयार असते. ती वेळ टळली की खानावळीचे दार बंद, आणि उघडी राहतात ती फक्त प्रवाशांसाठी काढलेली महागडी दुकाने. दुपारी एक ते चार हा तेथे विसाव्याचा वेळ. बाजारातली अनेक दुकानेसुद्धा त्या वेळी झोप काढतात. आपण बेळगावकर सकाळी पोटभर पोहे खाऊन अडीच-तीनपर्यंत ताणतो. ती सवय तेथे महागात पडते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गोव्याच्या घड्याळाला आपले पोट बांधले.

पहाटे सहाच्या सुमारास गल्लीत भोंगा वाजतो. तो पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळे प्लास्टिक. पाव बनवण्याची विद्या पोर्तुगीजांबरोबर आली आणि पोदेर हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. त्याच्याकडे एकच पाव नसतो. उंडो गोल आणि वरून कडक. पोयी कोंड्याची, पोकळ, चपटी. कांकण बांगडीच्या आकाराचे, चहात बुडवून खाण्याचे. आम्हाला पोयी सर्वांत आवडली. दोन पोया आणि आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी, यावर एक सकाळ छान निघाली. पोदेर संध्याकाळीही फिरतो, म्हणजे रात्रीचीही सोय होते.

थोडे पैसे खर्चायचे असतील तर न्याहारीला भाजी-पाव. याला आपल्याकडची पावभाजी समजू नका. तेथे ‘पातळ भाजी’ म्हणजे वाटाण्याचा किंवा चण्याचा, खोबरे-मसाला लावलेला रस्सा. ‘सुकी भाजी’ म्हणजे बटाट्याची. दोन्ही एकत्र मागता येतात. पणजीत ताटो, भोसले ही जुनी नावे लोक आवर्जून सांगतात, पण प्रत्येक गावात बाजाराजवळ असे एखादे हॉटेल असते. ओळखण्याची खूण अशी की सकाळी आठ वाजता तेथे बसायला जागा नसते, आणि समोरचा माणूस विचारल्याशिवाय तुमच्या टेबलावर बसतो. आम्हाला चहासकट माणशी पन्नास रुपये पडले.

दुपारी साडेबारा ते दोन ही वेळ सोन्याची. ही शीत-कडीची वेळ. शीत म्हणजे भात आणि कडी म्हणजे आपली ताकाची कढी नव्हे. नारळाचे वाटण आणि आंबटासाठी सोल घातलेले माशाचे कालवण. त्यालाच हुमणही म्हणतात. ताटात भात, हुमण, रव्यात घोळून तळलेला एखादा तुकडा, एक भाजी, लोणचे, सोलकढी. भात मागावा तितका वाढतात. येथे भाव विचारायला लाजावे लागत नाही. “शीत-कडी कितले?” एवढे दोन शब्द पुरे. खानावळवाली बाई आकडा सांगते आणि तोंडाकडे पाहून मराठीत बोलू लागते.

एक गोष्ट मात्र हंगामाची. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ताजा मासा दुर्मिळ होतो आणि भाव चढतो. त्या दिवसांसाठी गोव्यातील घरे उन्हाळ्याअखेरीसच सुके मासे, मिरच्या, सोले, कोकम असा ‘पुरुमेंत’ भरून ठेवतात. तेव्हा जूनमध्ये गोव्याला जाऊन ताज्या माशाचा हट्ट धरणाऱ्याने पैशाची तक्रार करू नये.

बैलहोंगलचा मित्र शाकाहारी. त्याची काळजी आम्हाला फार होती, पण ती व्यर्थ ठरली. ‘शिवराक’ हा शब्द पाठ करून ठेवावा. त्याचा अर्थ शाकाहारी. तेथील हिंदू घरांत सोमवारी बहुधा शिवराकच असते, त्यामुळे माशांच्या खानावळीलाही ही स्वयंपाकाची रीत परकी नाही. मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची नारळ घातलेली आमटी, त्याने दोनदा मागितली. फोंड्याकडे देवळांच्या आसपासही शाकाहारी जेवण मिळते. एकच धोका. ताटाच्या कडेला खोबऱ्याच्या सुक्या चटणीसारखे काही वाढतात, ते किसमूर. त्यात सुकी सुंगटे असतात. त्याने घास उचललाच होता. निपाणीकराने झडप घालून हात धरला आणि ती चटणी स्वतः खाल्ली. हे पुण्यकर्म की स्वार्थ, यावर बसमध्ये बराच वाद झाला.

संध्याकाळी सात वाजल्यानंतर चौकाचौकांत गाडे लागतात. तेथे रस-आमलेट मिळते : आमलेटवर शागोतीचा दाट रस्सा, चिरलेला कांदा, लिंबू आणि पाव. एका पानात एकाचे पोट भरते. शाकाहाऱ्याने मात्र या वेळी पोयी आणि कडक रोट्टीचा आश्रय करावा हे बरे.

असे घड्याळ लावून जेवण्याची रीत गोव्यापुरतीच नसावी. वेस्ट इंडीज बेटे आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक. १९७१ साली गावसकरांनी आपल्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या त्या तेथेच. त्यांतल्या त्रिनिदाद बेटावर ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून हिंदी मजुरांची पहिली तुकडी उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी उतरली. त्यांच्या वंशजांनी घडवलेला ‘डबल्स’ हा पदार्थ आज साऱ्या बेटाची न्याहारी आहे. दोन मऊ तळलेले ‘बारा’, म्हणजे भोजपुरीतला वडाच, आणि मध्ये चण्याचा रस्सा. कामावर जाणारी माणसे सकाळी रस्त्यावर उभ्यानेच ते खातात. त्या बेटांवर खाण्याच्या कितीतरी वस्तू बाहेरून जहाजाने येतात. पर्यटकांच्या हॉटेलातले ताट त्यामुळे भलतेच महाग, आणि स्वस्त ते असे सकाळच्या गाड्यावरचे.

बाहेरून येणाऱ्या मालाची ही गोष्ट मी ग्रंथालयात वाचली तेव्हा तिचा आपल्या घराशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते. तो तिसऱ्या दिवशी दिवाडीला कळला.

दिवाडी हे मांडवी नदीतले बेट. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जावे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव पलीकडे डिचोली भागातील नार्वे येथे गेला आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. बेट शांत, भातखाचरांचे. हिंडता हिंडता एक वाजला आणि आम्ही शहाण्यासारखे लगेच खानावळ शोधली. एका घराच्या पडवीत चार टेबले. माशाचे ताट दीडशे, शिवराक शंभर. माझ्या ताटात हुमणाशेजारी कोबीची भाजी होती, वरून ओले खोबरे भुरभुरलेली. चव ओळखीची वाटावी असे तीत काही नव्हते. पण बाईंनी विचारले, “तुमी खंयचे?” मी म्हटले, “बेळगावचे.” त्या हसल्या आणि ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मग भाजी तुमचीच की! इथली काय, वांगी आणि तांबडी भाजी तेवढी. बाकी सगळे बेळगावहून येते.”

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आमचा कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, नवलकोल बेळगावच्या बाजारात जातो आणि रात्रीच्या ट्रकने घाट उतरतो, हे लहानपणापासून पाहिले आहे. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ बेळगावकडची भाजी घेऊन ती गावोगावच्या गाड्यांवर सवलतीच्या दराने विकते, हेही ऐकले होते. शंभर रुपयांच्या ताटात भाजी वाढणे खानावळीला परवडते, त्याचे एक कारण हा गाडा. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा आमचा कोबी शेतातच फुटला आणि बाबांनी त्यावर नांगर फिरवला, त्या वेळी त्या कोबीवाचून कोणाचे ताट अडले असेल, हा विचार घरात कोणाच्या मनात आला नव्हता. तो ट्रक जातो एवढेच आम्ही पाहत होतो. तो पोहोचतो कुठे हे पाहिले नव्हते.

जेवण झाल्यावर मी मुद्दाम बेटावरच्या भाजीच्या गाड्यावर गेलो. कोबी २२ रुपये किलो. खासगी दुकानात तोच ३५ रुपये. त्या आठवड्यात बाबांना बाजारात किलोमागे ७ रुपये मिळाले होते. बैलहोंगलकराने लगेच वाहतूक, हमाली, अडत आणि सडलेला माल यांचा हिशेब मांडायला सुरुवात केली आणि मधल्या पंधरा रुपयांतले बरेच रुपये त्याने प्रामाणिकपणे जागेवर लावूनही दाखवले. तरी दोनतीन रुपये कुठे गेले ते त्यालाही सापडले नाही. निपाणीकर म्हणाला, “तेवढेच तर कोणाला कधी सापडत नाहीत.”

आता आमचाही हिशेब देतो. पहिल्या दिवसाचे ते बिल सोडले, तर पुढच्या दोन दिवसांत तिघांच्या खाण्यापिण्याला मिळून १,५६० रुपये लागले. म्हणजे दोन दिवसांची न्याहारी, जेवण, चहा आणि रात्रीचा पाव हे सारे त्या एका चार वाजताच्या जेवणापेक्षा कमी पैशांत झाले. रोट्टीचे शेवटचे चार तुकडे परतीच्या बसमध्ये संपले.

बस घाट चढत होती तेव्हा समोरून भाजीचे ट्रक उतरत होते. के. ए. २२ ही पाटी दिव्याच्या झोतात क्षणभर दिसे आणि जाई. घरी पोहोचलो तेव्हा रात्र बरीच झाली होती. बाबा जागे होते. त्यांनी समुद्राविषयी काही विचारले नाही. “तिकडं कोबी कसा हाय?” म्हणाले. मी दोन्ही भाव सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आणि भाजी कशी करत्यात?”

ओले खोबरे घालून, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी आईने तशी करून पाहिली.