अंथरूण ओलं झालं तर

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. पुढच्या पावसाळ्यात, ढग गडगडले की पहिलीतला एक मुलगा दप्तर घेऊन बाकावर चढायचा. घरी अंथरूण ओलं करायचा, अब्बा रागवायचे.

त्यांना बोलावून म्हटलं, "भाई, ओरडू नका. चादर मुकाट्यानं बदला. खेळात तो घर बुडवतो? बुडवू द्या. 'विसर ते' म्हणू नका; 'पाणी आलं होतं, आपण माळ्यावर चढलो, वाचलो,' एवढं खरं सांगा. झोपायची वेळ, दुआ रोज तीच ठेवा. पण वर्ष उलटलंय, समुपदेशकाला दाखवाच. त्यात लाज कसली?" (आता टेली-मानसच्या 14416 वर मराठीतूनही मोफत बोलता येतं.)

अब्बा गप्प होते. मग हळूच म्हणाले, "टीचर, पाऊस लागला की मलाही झोप येत नाही."