साडेसात फेऱ्यांची शर्यत

खुल्या मैदानावर पंधराशे मीटरची शर्यत पावणेचार फेऱ्यांत आटोपते. छताखालच्या 200 मीटरच्या ट्रॅकवर तिच्या साडेसात फेऱ्या होतात. वळणं दुप्पट, सरळ पट्टे आखूड. एक पूर्ण फेरी दुसऱ्या लेनमधून धावावी लागली, तर सहा मीटरच्या आसपास जास्त अंतर कापावं लागतं. शर्यतीच्या वेगात ते जवळजवळ एका सेकंदाचं नुकसान. 1987 ची इंडियानापोलिसची पहिली जागतिक इनडोअर स्पर्धा ते 2025 ची नानजिंगची, या काळातले पुरुषांचे निकाल चाळताना हे गणित सतत समोर ठेवावं लागतं.

पहिली काही वर्षं आयर्लंडच्या मार्कस ओ'सुलिव्हनची. 1987, 1989 आणि 1993 अशी तीन सुवर्णपदकं त्यानं जिंकली. खुल्या मैदानावर त्याला ना ऑलिम्पिक पदक मिळालं, ना जागतिक स्पर्धेतलं. पण अमेरिकेतल्या इनडोअर ट्रॅकवर घासूनपुसून तयार झालेल्या या धावपटूला कुठं थांबायचं आणि कुठं सुटायचं, हे नेमकं कळायचं. टोरांटोत तिसरं सुवर्ण घेतलं तेव्हा तो 31 वर्षांचा होता आणि वेळ होती जेमतेम 3:45.00. मधल्या 1991 च्या स्पर्धेत अल्जीरियाच्या नूरुद्दीन मोर्सेलीनं बाजी मारली. फेब्रुवारीअखेर सेव्हिलमध्ये त्यानं 3:34.16 असा विश्वविक्रम केला आणि मार्चमध्ये त्याच शहरात 3:41.57 वेळेत जगज्जेता झाला. विक्रमाची शर्यत वेगळी आणि पदकाची वेगळी, हे तेव्हाच दिसलं होतं.

मग मोरोक्कोचा हिशाम अल गेरूज आला. 1995 मध्ये बार्सिलोनात त्यानं पहिलं इनडोअर सुवर्ण मिळवलं. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत मोर्सेलीच्या पायाला पाय लागून तो पडला. त्याची सल त्यानं 1997 च्या हिवाळ्यात भरून काढली. फेब्रुवारीत श्टुटगार्टला 3:31.18, दहाच दिवसांनी गेंटमध्ये मैलाचा विश्वविक्रम आणि मार्चमध्ये पॅरिसला पुन्हा सुवर्ण. त्याचा पंधराशे मीटरचा विक्रम 22 वर्षं कुणाला मोडता आला नाही. 1999 मध्ये जपानमधल्या माएबाशीत लांब पल्ल्याचा बादशहा हैले गेब्रसेलासी या शर्यतीत उतरला आणि 3:33.77 असा स्पर्धाविक्रम करून गेला. तिथंच त्यानं 3000 मीटरचंही सुवर्ण घेतलं.

त्यानंतरची वर्षं बहुतेक सावध धावण्याची. 2001 मध्ये लिस्बनला पोर्तुगालच्या रुई सिल्वानं 3:51.06 वेळेत सुवर्ण जिंकलं, तर 2004 मध्ये बुडापेस्टला केनियाच्या पॉल कोरिरला 3:52.31 एवढी वेळ पुरली. या सावधपणाचा कळस 2018 मध्ये बर्मिंगहॅमला झाला. पुढं व्हायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी मुसंडी मारून जिंकला इथिओपियाचा अवघ्या 18 वर्षांचा सॅम्युएल टेफेरा. वेळ 3:58.19, म्हणजे फेरीमागे सरासरी 31.8 सेकंद.

हा फक्त रांगेत उभा राहून जिंकणारा, असं कुणाला वाटलं असेल, तर त्याचं उत्तर वर्षभरात मिळालं. 2019 मध्ये त्याच बर्मिंगहॅमला टेफेरानं 3:31.04 धावून अल गेरूजचा विक्रम मोडला. फेब्रुवारी 2022 मध्ये नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिगत्सेननं तो 3:30.60 वर नेला. महिनाभरानं बेलग्रेडला दोघं समोरासमोर आले. इंगेब्रिगत्सेन पुढं राहून वेग ठेवत होता आणि टेफेरा त्याच्या पाठीला चिकटून होता. शेवटच्या सरळ पट्ट्यावर टेफेरा बाहेर आला आणि पुढं निघून गेला. 3:32.77 विरुद्ध 3:33.02. अंतर पाव सेकंदाचं. वळणावर एकदा जरी तो दुसऱ्या लेनमध्ये फेकला गेला असता, तरी हे पाव सेकंद गेलं असतं. स्पर्धेच्या इतिहासातलं सर्वात संथ सुवर्ण आणि तोवरचं सर्वात वेगवान सुवर्ण, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर लागली.

2024 मध्ये ग्लासगोत न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशनं आणखी कमाल केली. अखेरच्या फेरीत बराच मागे असलेला हा गडी शेवटच्या काही मीटरमध्ये कोल हॉकर आणि हॉब्स केसलर या अमेरिकी जोडीला मागे टाकून गेला. हॉकरशी फरक 0.15 सेकंद. त्याच हॉकरनं पाच महिन्यांनी पॅरिसमध्ये ऑलिम्पिक विक्रमासह सुवर्ण जिंकलं. आणि अविनाश साबळेमुळं आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या स्टीपलचेसमध्ये बीमिश 2025 साली टोकियोत जगज्जेता झाला.

इंगेब्रिगत्सेनला त्याचं इनडोअर सुवर्ण अखेर 2025 मध्ये नानजिंगला मिळालं. आदल्या दिवशी 3000 मीटर आणि मग पंधराशे; गेब्रसेलासीनंतर हा दुहेरी मान त्याचाच. फेब्रुवारीत लिएव्हँला मैलाच्या विश्वविक्रमी शर्यतीत तो पंधराशे मीटरच्या खुणेवरून 3:29.63 वेळेत पुढं गेला होता; नानजिंगला सुवर्णासाठी 3:38.79 पुरले.

तेव्हा या शर्यतीचा निकाल वाचताना वेळेवरून धावपटूचं मोल ठरवू नये. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा कोण कुठं होता, हे आधी पाहावं. विश्वविक्रम बाळगणारे अनेक जण इथं येऊन गेले, पण 2025 पर्यंत पंधराशे मीटरची सर्वाधिक सुवर्णपदकं ओ'सुलिव्हनच्याच खात्यात आहेत.