दागिना खोटा, पण फसवा नव्हे



फैजपूरच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर जरा उभे राहा. एका खणात ठुशी, दुसऱ्यात मोहनमाळ, तिसऱ्यात पाटल्या. झळाळी सोन्याची, किंमत मात्र शे-दोनशेची. ‘खोटं आहे बाई ते!’ म्हणून घरातली आजी नाक मुरडते. हे खोटे आले कुठून, ते आज पाहू.

ही हौस जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनचा घड्याळजी ख्रिस्तोफर पिंचबेक याने तांबे आणि जस्त मिसळून सोन्यासारखा दिसणारा धातू केला. त्याच शतकात पॅरिसच्या स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने काचेचे हिरे प्रसिद्धीस आणले. पुढे १८४० साली इंग्लंडात एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा चढविण्याचे पेटंट घेतले.

ही रीत अशी. पितळेचा दागिना स्वच्छ करून सोन्याचा क्षार विरघळविलेल्या पाण्यात बुडवितात व विजेच्या ऋण टोकाला जोडतात. वीज सुरू झाली, की सोन्याचे कण त्यावर बसू लागतात. हा थर केसापेक्षाही पातळ. घासून तो गेला, की घामाने आतले तांबे हिरवट पडते. म्हणून असा दागिना अंघोळीपूर्वी उतरवावा आणि पुसून ठेवावा. काहींना निकेल धातूने खाज सुटते. त्यांनी तो वापरूच नये. आणि ‘एक ग्रॅमचा’ म्हटला, तरी त्यात ग्रॅमभर सोने असेलच असे नाही, बरे का!

खोटा दागिना पूर्वी लपवून घालीत. १९२० नंतर पॅरिसमध्ये कोको शनेल या बाईंनी खऱ्या मोत्यांबरोबर खोट्या मोत्यांच्या माळा उघडपणे मिरविल्या. मग मोलापेक्षा घडणीला महत्त्व आले. आपल्याकडे १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. पुढे नियम सैल झाले. १९६८चा कायदा १९९० साली रद्द झाला. आता घडणीची चाल दूरदर्शन संचावरूनही येते. २०१३ साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील जान्हवीचे लांब मंगळसूत्र पाहून तसेच हजारोंनी घेतले, आणि त्यांतले पुष्कळसे मुलाम्याचे.

यात वाईट काय? मुलीच्या लग्नात चार तोळ्यांसाठी शेत गहाण टाकण्यापेक्षा मुलाम्याचा हार बरा. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अडीनडीला सोने गहाण पडते, मुलामा नाही. तेव्हा त्याला शिल्लक समजू नका. आणि सोन्याच्या भावाने काही घ्याल, तेव्हा हॉलमार्क, २२ कॅरटसाठी ९१६ हा आकडा आणि सहा अक्षरांकांची खूण पाहा; पावती मागा. खोटेपणा दागिन्यात नसतो, तो खोटे खरे म्हणून विकण्यात असतो.

१९३६ साली याच फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी ते नगर बांबूसारख्या गावच्या साध्या वस्तूंनी सजविले होते. सजावटीला सोने लागत नाही, हे या गावाने तेव्हाच पाहिले आहे.