बंब आणि माणसे



गावात आग लागली की दुसऱ्या दिवशी चौकात एकच चर्चा असते : बंब किती आले, आणि किती उशिरा आले? बंबातून माणसे किती उतरली, हे कोणी विचारीत नाही. माझी उभी हयात कामगारांच्या संघटनेत गेली. माणसे मोजणे हा माझा धंदाच झाला आहे. आजही मी तेवढेच करणार आहे.

आपल्या जिल्ह्यात आगीचा विषय निघाला की पुलगाव आठवते. ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तेथील केंद्रीय दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेल्या एका शेडला आग लागली. भांडारातले स्वतःचे अग्निशमन कर्मचारी तिकडे धावले आणि स्फोट झाला. एकूण १९ जण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते. उरलेल्यांत बहुतेक आग विझविणारेच होते. माणसे अधिक असती तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. सुरुंगापुढे संख्या चालत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या अवेळी तेथे शिकलेली माणसे कामावर हजर होती. आपल्या गावात रात्री दोन वाजता किती असतात?

आता बंब दारात आला असे समजा. चालकाने पंपापाशीच उभे राहायचे, कारण पाण्याचा दाब त्याच्या हातात. दाबाने पाणी सुटले की नळी एकट्याला आवरत नाही. तिला दोघे लागतात. एकाने वीज तोडायची आणि पाण्याची दुसरी सोय पाहायची. धुरात माणूस अडकला असेल तर आत दोघांनी जायचे, एकट्याने नव्हे. आणि बाहेर कोणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. दोघेच आले असतील तर ही कामे एकामागून एक करावी लागतात, आणि आग काही रांगेत उभी राहत नाही. बंद खोलीत छताखालचा धूर पाचसहाशे अंशांपर्यंत तापला की सगळी खोली एकदम पेटते. त्याच्या आधीची मिनिटे हीच काय ती आपली.

हे कोणाला युनियनवाल्याचे गणित वाटेल. म्हणून अमेरिकेतील एका सरकारी संस्थेचा दाखला देतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रयोगांत साध्या दुमजली घरात तुकड्यांचे काम घड्याळावर मोजले होते. गाडीमागे चार माणसे असता सगळी बावीस कामे दोन माणसांपेक्षा सरासरी सात मिनिटे लवकर उरकली.

आमचे गणित याहून सोपे आहे. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाला १०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण वजा जाता एक माणूस पावणेतीनशे दिवस कामावर येतो. म्हणजे एका जागेला चार माणसे. बंबावर सहा हवे असतील तर पटावर चोवीस हवेत. ज्या गावाच्या पटावर दहा आहेत, तेथे एका वेळी अडीच माणूस हजर असतो. त्यातला एक पंपापाशी गुंतला की आगीपुढे दीड उरतो! नवा बंब आला की नारळ फुटतो, फोटो निघतो. भरतीचा फोटो कोणी काढीत नाही.

आणि आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगमधली आग तुम्हांपैकी अनेकांनी पाहिली असेल. कापसाच्या गंजीवर पाणी मारले की वरची ज्वाळा बसते, पण आत विस्तव धुमसत राहतो. रुईची गाठ घट्ट दाबलेली; तिच्या पोटात पाणी सहज शिरत नाही. गाठी ओढून, पट्ट्या तोडून, फोडून भिजवाव्या लागतात, आणि हे काम पंप करीत नाही. एका जिनिंगमध्ये मी स्वतः हे पाहिले आहे. बंब होता, पाणीही होते. गाठी ओढायला मात्र हमाल आणि जिनिंगमधल्या बाया धावल्या. ना अंगावर साधन, ना तोंडावर ओला फडका.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर स्फोटकांबरोबर कापसाच्याच गाठी होत्या. त्या दिवशी मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस पाळतात. आपल्याकडेही हार घातले जातात. हार घालणारे हात पुष्कळदा कंत्राटी असतात. कंत्राट बदलले की माणूस बदलतो, आणि कोणती गल्ली अरुंद, कोणत्या विहिरीला मे महिन्यात पाणी राहते, हे जे तो शिकला ते त्याच्याबरोबर जाते. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, इथून दोन तासांच्या आत.

मागे एका गावच्या अग्निशमन केंद्रावर सहज थांबलो होतो. दोन गाड्या स्वच्छ पुसून उभ्या होत्या. बाकावर बसलेल्या तरुणाला विचारले, आज रात्री किती जण?

“मी अन् ड्रायव्हर भाऊ. दोघंच.”

“मग दुसरी गाडी कोण काढणार?”

तो हसला. म्हणाला, “पयले ही त वापस येऊ द्या, भाऊ.”