नाव विकत घेण्यापूर्वीची तपासणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नसला, तरी जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरचा येलदरी जलाशय, सेलू तालुक्यातील निम्न दुधना प्रकल्प आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागातून वाहणारी गोदावरी यांमुळे मासेमारीसाठी, पैलतीरी जाण्यासाठी आणि पूरकाळातील बचावकार्यासाठी येथे नाव लागतेच. नवी नाव परवडत नसेल तेव्हा वापरलेली नाव पाहिली जाते, आणि मग विक्रेत्याशी कोणताही हितसंबंध नसलेल्या जाणकाराला पैसे देऊन ती आधी तपासून घ्यावी की नाही, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाभोवती काही समज रूढ आहेत.

गैरसमज : गोड्या पाण्यात नाव खराब होत नाही.
वस्तुस्थिती : खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजते आणि लाकूड पोखरणारे सागरी जीव गोड्या पाण्यात जगत नाहीत, एवढ्यापुरता हा समज खरा आहे. परंतु लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नसल्याने गोड्या, विशेषतः नावेत साचून राहणाऱ्या पावसाच्या पाण्यात ती अधिक फोफावते. फायबरच्या बोटीत वरच्या गुळगुळीत थरातून, म्हणजे जेलकोटमधून, पाणी हळूहळू आत झिरपते, आतील विद्राव्य रसायनांशी मिसळून दाट द्रावण तयार करते आणि ते द्रावण आणखी पाणी ओढून घेत असल्याने पृष्ठभागावर फोड येतात. परासरण नावाची ही क्रिया बाहेरचे पाणी जितके क्षाररहित, तितकी तीव्र होते. शिवाय समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १०२५ किलो आणि गोड्या पाण्याची सुमारे १००० किलो असल्यामुळे, कोकणातून आणलेली नाव तेवढ्याच भाराने जलाशयात किंचित अधिक बुडते.

गैरसमज : पाण्यात एक फेरी मारून पाहिली की पुरे.
वस्तुस्थिती : फेरीत इंजिन सुरू होते का आणि नाव गळते का एवढे कळते, महागात पडणारे दोष बहुधा झाकलेल्या भागात असतात. फायबरचे थर एकमेकांपासून सुटले असतील, तर हलक्या हातोडीने ठोकून पाहिल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. इंजिन ज्या मागच्या फळीला टांगलेले असते तिच्या आतील लाकूड कुजले असले, तरी बाहेरचा फायबर शाबूत दिसू शकतो. नाव तरंगत राहावी म्हणून बंद कप्प्यांत भरलेला फोम पाणी शोषून जड झाला असेल, तर रिकाम्या नावेचे वजन केल्याखेरीज ते सहसा ध्यानात येत नाही. टांगत्या इंजिनाच्या, म्हणजे ओबीएमच्या, खालच्या गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरल्याचे समजावे. म्हणूनच नाव पाण्याबाहेर काढल्याशिवाय झालेली तपासणी अर्धीच ठरते.

गैरसमज : सरकारी सर्वेक्षण प्रमाणपत्र असल्यावर वेगळी तपासणी कशाला?
वस्तुस्थिती : १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जलयानांना सर्वेक्षण आणि नोंदणी आवश्यक असून, महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. तथापि सर्वेक्षणाचा हेतू जलयान सुरक्षाविषयक किमान अटी पूर्ण करते की नाही हे पाहण्याचा असतो. इंजिन किती झिजले आहे, दुरुस्तीला किती खर्च येईल आणि मागितलेली किंमत वाजवी आहे का, याचे उत्तर त्या कागदावर नसते.

गैरसमज : पुढे दोष निघालाच, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येते.
वस्तुस्थिती : मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ चे मूळ सूत्र असे आहे की, माल चांगल्या प्रतीचा असल्याची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जात नाही. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून खरेदी झाली असेल, तर कायदा अशी हमी मानतो. मात्र खरेदीदाराने माल स्वतः तपासला असल्यास, त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्याबाबत ती हमी उरत नाही. एखाद्या मच्छीमाराकडून त्याची जुनी नाव घेणाऱ्याला व्यापाऱ्याकडील खरेदीच्या या अपवादाचा आधार सहसा मिळत नाही. त्यामुळे समाधानकारक तपासणीच्या अटीवरच विसार द्यावा आणि ती अट लेखी असावी.

गैरसमज : तपासलेली नाव म्हणजे सुरक्षित नाव.
वस्तुस्थिती : २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वारा, जादा भार आणि जीवरक्षक जाकिटांचा अभाव यांवरचा उपाय कोणत्याही खरेदीपूर्व तपासणीत नसतो.

निर्णय कसा घ्यावा?
केवळ किमतीवरून हा निर्णय करणे चुकीचे आहे. नावेचा किती भाग डोळ्यांआड आहे आणि तिच्यात किती माणसे बसणार आहेत, हे दोन निकष अधिक उपयोगी आहेत. एकट्या मच्छीमाराच्या वल्ह्याच्या लाकडी होडीत तळापासून काठापर्यंत सारे उघडे असते, म्हणून ती उलटी करून एखाद्या अनुभवी नावाड्याने आणि सुताराने पाहिली तरी सहसा भागते. याउलट फायबरची, इंजिनाची, बंद कप्प्यांची किंवा प्रवासी वाहणारी बोट घेताना तज्ज्ञाची तपासणी टाळू नये. आणि विक्रेता ती पाण्याबाहेर काढू देत नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.