समुद्र दाखविणारा माणूस

नायगावच्या उत्तरेस थोड्याच अंतरावरून गोदावरी वाहते. नांदेडचे घाट मागे टाकून ती धर्माबादच्या अंगाने तेलंगणात शिरते आणि अखेरीस आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. आपल्या शिवारावरून गेलेले पाणी अशा रीतीने समुद्रापर्यंत पोहोचते खरे. परंतु आपल्या घरांतील कित्येक वडीलधाऱ्या मंडळींना उभ्या आयुष्यात समुद्र दिसलेला नसतो, आणि ज्यांना दिसला त्यांना तो रामेश्वराच्या अथवा द्वारकेच्या यात्रेच्या निमित्ताने दिसलेला असतो. मुलांची ओढ मात्र निराळी असते. सुट्टी लागली की ती समुद्राचा हट्ट धरतात, आणि एखाद्या वर्षी सारे कुटुंब पुण्यापर्यंत रेल्वेने व पुढे ताम्हिणीचा घाट उतरून मोटारीने कोकणात जाते.

इतका दूरचा प्रवास करून परतलेल्या मंडळींना काय काय पाहिले म्हणून विचारावे, तर वाळू, लाटा, सूर्यास्त आणि शहाळी यांपलीकडे फारसे काही सांगता येत नाही. यात त्यांचा दोष नाही. शेतात वाढलेल्या माणसाला पीक ओळखता येते, कारण लहानपणी कोणीतरी बोटाला धरून ते दाखविलेले असते. समुद्रकाठाचेही तसेच आहे. तो दाखविणारा माणूस लागतो. असा एक जाणता माणूस दिवसभराच्या बोलीने सोबत घ्यावा, त्याला त्याची योग्य रोजी द्यावी आणि तो दाखवील तेवढेच पाहावे, असे सुचविण्यासाठी हा लेख लिहिला आहे. या रोजीवर केवळ आपली करमणूक अवलंबून नसून किनाऱ्यावरील जीवांचे बरेवाईटही अवलंबून आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

अशा एका दिवसासाठी रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडील टापू, म्हणजे मंडणगड तालुक्यातील वेळासपासून दापोली तालुक्यातील हर्णैपर्यंतचा किनारा, विशेष सोयीचा आहे. आदल्या दिवशी वेळासला मुक्कामास पोहोचावे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून हे गाव पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. येथे घरोघरी पाहुण्यांची उतरण्याची व जेवणाची व्यवस्था होते, आणि एकत्र कुटुंबातील आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना घरच्यासारखे राहता येते.

निघण्यापूर्वीची तयारी मात्र नायगावातच, घरच्या पंचांगावरून करता येते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक चंद्राच्या हाती असते. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून कोकणातील जुन्या लोकांनी एक सोपा हिशेब बसविला आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला व दुपारी तीनला भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, सकाळी व रात्री नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा लागतो आणि होडीत बसावयाचे असल्यास नाखव्याचा शब्द अखेरचा मानावा. तथापि ज्या मुलाने हा हिशेब घरी बसून स्वतः केला आहे, त्याला पाणी सांगितल्या वेळी मागे हटताना पाहून जो आनंद होतो, तो आयत्या माहितीने होत नाही.

वेळासची खरी ओळख तेथील पुळणीवर आहे. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. या पुळणीवर थंडीच्या दिवसांत रात्रीच्या वेळी ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या येतात, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीडएक फूट खोल खड्डा खणतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि पुन्हा समुद्रात जातात. त्यानंतर आई पिलांकडे वळून पाहत नाही. वाळूची ऊबच अंडी उबविते. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात. विशेष हे की, पिलू नर होणार की मादी, हे त्या वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की माद्या अधिक निपजतात, खाली राहिली की नर. किनारा तापत गेला तर या जातीचे पुढे काय होईल, हा प्रश्न त्यामुळे केवळ पुस्तकी राहत नाही.

एके काळी ही अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कोल्ही-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासच्या ग्रामस्थांना हाताशी धरून राखणीचे काम आरंभिले. पहाटे पुळण चालून कासविणीच्या पावलांचा माग काढावयाचा, अंडी जपून काढून कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात पुरावयाची, वर तारीख व संख्या लिहून ठेवावयाची आणि पिले निघाली की समुद्राकडे सोडावयाची, असा हा क्रम आहे. काही वर्षांतच पिले पाहण्यासाठी लोक येऊ लागले, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणातून गावाच्या पदरी चार पैसे पडू लागले. ज्या गावातून अंडी जात होती, तेच गाव अंड्यांचे राखणदार झाले. हा पालट केवळ उपदेशाने झाला नाही. राखणीतून घर चालू शकते हे दिसल्याने तो टिकला.

म्हणून दिवसाची सुरुवात पहाटे पुळणीवर करावी. फेब्रुवारी ते एप्रिल हा साधारण हंगाम आहे. सकाळी व सायंकाळी कार्यकर्ते घरट्यांवरील टोपल्या उचलून पाहतात. पिले निघाली असल्यास ती थेट पाण्यात न टाकता काही अंतरावर वाळूवर ठेवतात. ती आपल्या आपण, क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने, धडपडत लाटेपर्यंत जातात. या थोड्याशा चालण्यातच जन्मस्थळाची खूण त्यांच्या अंगी मुरते, असे अभ्यासक मानतात. कारण मोठेपणी मादी अंडी घालण्यास बहुधा त्याच टापूत परत येते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, हे आजीबाईंनी नातवंडांस येथे अवश्य सांगावे.

आणि यालाही अपवाद आहे, तो आपणा गोदाकाठच्या वाचकांस अधिकच मौजेचा वाटेल. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली बिल्ला लावलेली एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. आपली गोदावरी ज्या बंगालच्या उपसागरास मिळते, तेथून हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाला वळसा घालून ती सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून पश्चिमेस आली होती. त्यापूर्वी, २०२२ च्या आरंभी, कोकणातील पाच कासविणींच्या पाठीवर उपग्रहाशी संधान बांधणारी यंत्रे बसविण्यात आली होती. त्यांतील वेळासच्या कासविणीचे नाव प्रथमा आणि आंजर्ल्याच्या कासविणीचे सावनी असे ठेवले होते. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा नकाशावर आपण निराळे काढतो. समुद्र एकच आहे हे त्या मुक्या जीवाने सिद्ध करून दाखविले.

परंतु एखाद्या दिवशी टोपली उचलावी आणि खाली नुसती वाळू असावी, असेही पुष्कळदा होते. आपला सोबती खरा जाणता आहे की नाही, याची परीक्षा याच वेळी होते. पाचशे-सहाशे किलोमीटर आलेल्या मुलांचे चेहरे उतरतात, वडीलधारे म्हणतात, "एखादे घरटे थोडे उकरून दाखवा की!" अशा वेळी जो नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणतो, तोच माणूस आपण निवडलेला असावा. तो मुलांना पुळणीवर घेऊन जातो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर मोहरीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटलेली असते. एक लहानसा खेकडा वाळू तोंडात घेऊन तीतील अन्नाचे कण काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो, त्याची ती रांगोळी. मागील उंच झाडांकडे बोट करून तो पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दाखवितो. या पक्ष्याचे घरटे वर्षानुवर्षे त्याच झाडावर वाढत जाते, म्हणून एक जुने झाड तोडणे म्हणजे एका कुटुंबाचे वडिलोपार्जित घर पाडणे होय. तासाभरात कासवाची खंत मुले विसरतात.

ऊन चढू लागले की बाणकोटच्या खाडीकडे वळावे. येथे सावित्री नदी समुद्रास मिळते आणि मुखावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. खाडीच्या कडेला जे दाट हिरवे बन दिसते, ते कांदळवन. तिवराच्या झाडाखालच्या चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोके वर आलेली असतात. ती त्याची श्वास घेणारी मुळे. चिखलात हवा नसते, म्हणून मूळच वर येऊन हवा घेते. त्या चिखलावर निवटी हा मासा पाण्याबाहेर उड्या मारीत असतो, आणि एक नांगा भला मोठा असलेला नर खेकडा तो नांगा हलवून मादीचे लक्ष वेधून घेत असतो. परसदारच्या कचऱ्यासारखे मानून ज्या चिखलाकडे आपण पाठ फिरविली असती, तो माशांच्या पिलांचा पाळणा आहे आणि वादळी लाटांपासून गावाचे रक्षण करणारा कोटही आहे. वृद्ध मंडळींना ओहोटीच्या चिखलात उतरवू नये. होडीतून अथवा काठावरून सर्व काही नीट दिसते.

दुपारची विश्रांती घेऊन आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घ्यावे. तेथून खाली माडांची राई व समुद्र एका दृष्टीत येतात, आणि दूरवर सुवर्णदुर्ग दिसतो. सायंकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. शाकाहारी मंडळींस तेथील वास सोसला नाही तरी थोडे दुरून तो देखावा मुलांस दाखवावा; समुद्रावर किती घरांच्या चुली अवलंबून आहेत, हे त्यावाचून कळत नाही. सुवर्णदुर्ग १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत घेतला गेला, आणि २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत त्याचीही गणना झाली. आपलेच आरमार परक्याच्या मदतीने बुडविल्याचे फळ पुढे काय मिळाले, हा विचार करण्यास याहून योग्य जागा नाही.

या भागात डॉल्फिन दाखविण्यासाठीही होड्या सोडतात. येथेच आपल्या मागणीचा परिणाम अगदी उघड दिसतो. "डॉल्फिन दिसलेच पाहिजेत, नाहीतर पैसे देणार नाही," असे गिऱ्हाईक म्हणू लागले की नाखवा बिचारा काय करणार? तो इंजिन जोरात सोडून त्यांचा पाठलाग करतो. चार होड्या चारही बाजूंनी घेरतात. पिलू आईपासून तुटते. कायद्याने डॉल्फिनला आणि समुद्री कासवालाही वाघाइतकेच संरक्षण दिले आहे; परंतु भर समुद्रात कायदा होडीबरोबर येत नाही, गिऱ्हाईकाचा शब्द येतो. म्हणून होडीत बसण्यापूर्वी आपणच सांगावे, "दिसले तर पाहू, न दिसले तरी तुमची मजुरी पुरी देऊ, मात्र पाठलाग करू नका." एवढ्या एका वाक्याने जे साधते, ते दहा फलकांनी साधत नाही.

सोबती निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. तो त्याच गावचा अथवा त्या किनाऱ्यावर वावरलेला असावा. भरतीची वेळ विचारल्यास त्याने ती तत्काळ सांगावी. कासवांच्या पुळणीवर रात्री विजेरी पेटवू देतो का, पिलू हातात घेऊन छायाचित्र काढू देतो का, असे त्यास सहज विचारावे. "हो, हवे तर" असे उत्तर आल्यास दुसरा माणूस पाहावा. आणि जो अमुक एक प्राणी दिसेलच अशी हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे. कारण हमीची किंमत नेहमी त्या प्राण्याला मोजावी लागते.

घासाघीस करून सोबत्याच्या रोजीतून शे-दोनशे रुपये वाचविणे आपल्या मंडळींस मोठे चातुर्य वाटते. वाटेतल्या उपाहारगृहात याहून अधिक खर्च आपण विचारही न करता करतो. जो माणूस पहाटे चारला उठून कासवाचा माग काढतो, त्याला त्याच किनाऱ्यावर राहून पोट भरता आले नाही, तर तो मुंबईची वाट धरील. आणि तो गेला की घरट्यांवर तारीख लिहिणारा हातही जाईल. त्याची पुरी रोजी आनंदाने द्यावी, ती मुलांच्या हातून द्यावी, आणि मुलांनी त्यांना काका म्हणून वाकून नमस्कार करावा. पुस्तकातला धडा शिकविणाऱ्यास आपण गुरुजी म्हणतो. समुद्र वाचावयास शिकविणाऱ्याचा मान त्याहून कमी नाही.