एपी परीक्षा : द्यावी की न द्यावी?

'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' (एपी) म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास. कॉलेज बोर्ड ही संस्था 1955पासून तो चालवते. परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत, गुण 1 ते 5. वर्गात न बसता नुसती परीक्षाही देता येते.

खरा फायदा क्रेडिटचा, म्हणजे कॉलेजात तो विषय झाला असे धरले जाण्याचा. इलिनॉयमध्ये सरकारी विद्यापीठांना 3 गुणांवर क्रेडिट द्यावेच लागते, तसा कायदाच आहे. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत मात्र बहुधा 4 किंवा 5 लागतात. डार्टमथने तर 2014पासून पदवीसाठी हे क्रेडिट देणेच थांबवले. म्हणून विषय निवडण्याआधी त्या-त्या विद्यापीठाचा क्रेडिटचा तक्ता पाहावा. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत 'शेजारच्याने आठ घेतले' या हिशेबावर विषय ठरतात, तो हिशेब इथे कामाचा नाही.

एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेतून सुटते. बारावीतली मेची परीक्षा होईपर्यंत प्रवेशाचे निर्णय बहुतेक लागलेले असतात. तिचे गुण प्रवेशासाठी नव्हे, पुढच्या क्रेडिटसाठी. जिथे जायचे त्या विद्यापीठात क्रेडिट मिळणारच नसेल, तर जवळपास शंभर डॉलरची फी आणि मेमधली जागरणे कशासाठी? दहावी-अकरावीतल्या परीक्षांचे गणित वेगळे. ते गुण अर्जात दाखवता येतात. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याने कॅल्क्युलसची परीक्षा जरूर द्यावी. मात्र क्रेडिट मिळाले तरी पाया कच्चा वाटत असेल, तर कॉलेजात तो विषय पुन्हा घेण्यात कमीपणा नाही.